हसू सरलं की पुढचं वाक्य

एक बाई मरत असताना तिची भाषा ऐकून तुम्हाला हसू येतं, तेव्हा तुम्ही नेमकं कोणाला हसता?

प्रश्न तुम्हालाच आहे. उत्तर लगेच देऊ नका. आधी काय झालं ते ऐका.

मी एक कथा लिहिली. वाचायची नाही, ऐकायची, फोनवरच्या एका अ‍ॅपसाठी, भागाभागांत. पृथ्वीपासून फार लांब, बर्फाने झाकलेल्या एका चंद्रावर पाण्याचा कारखाना असतो. बर्फ वितळवायचा, गाळायचा, टाक्या भरायच्या. एक दिवस बर्फाला तडा जातो आणि सगळे घाईघाईने यानात बसून निघून जातात. पंप सांभाळणारी बाई, आमच्या धानाच्या मुलखातली, लाखांदूर तालुक्यातली, तेव्हा खाली खड्ड्यात असते. ती वर येते तर कोणी नाही. हवा हळूहळू संपत चालली आहे. तिच्याकडचा रेडिओ अर्धा बिघडलेला, म्हणजे ती बोलू शकते पण तिला पलीकडचं काही ऐकू येत नाही. आपलं बोलणं कुठे पोचतं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळणार नसतं. तरी ती बोलत राहते. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच ती विचारते, "कोणाले ऐकू येऊन राहिलं का? मी अजून आहो."

या भागाखाली पहिली प्रतिक्रिया आली ती हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची. एक ओळभर चेहरे. शब्द नाही.

मग शब्दही आले. अंतराळात गावठी कुठून आली, असं एकाने विचारलं. ही बाई आहे की बाप्या, 'मी जातो, मी करतो' काय म्हणते, असं दुसऱ्याने. आमच्याकडे बायका असंच बोलतात, पण त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे त्याला विनोदी वाटलं. एका बाईने लिहिलं, काय गोड भाषा आहे हो, अगदी क्यूट. मला त्या चेहऱ्यांपेक्षा या बाईचा जास्त राग आला. हवा संपून माणूस गुदमरतो आहे आणि तुम्हाला गोड वाटतं?

सगळ्यात सभ्य प्रतिक्रिया सगळ्यात वाईट होती. कल्पना उत्तम, मांडणी उत्तम, पण शास्त्राशी संबंधित माणूस अशा भाषेत बोलत नसतो, त्यामुळे विश्वास बसत नाही. म्हणजे बर्फाच्या चंद्रावर विश्वास बसतो, यानावर बसतो, हवेच्या टाक्यांवर बसतो. लाखांदूर तालुक्यातली बाई पंप चालवते, यावर मात्र बसत नाही.

मी तुमसरला वाढले, राइस मिलमधल्या कामगारांच्या वस्तीत. वडील मिलमध्ये होते आणि संघटनेतही. आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, पातळ गुलाबी आणि पिवळ्या कागदावर छापलेले. मी अक्षरं त्यावरच शिकले. शाळेतल्या पुस्तकात कमळ होतं, आमच्या घरी 'कामगार बंधूंनो' होतं. सुटीच्या दिवशी वडील मला एसटी स्टँडवर न्यायचे आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कागद द्यायला लावायचे. ते सांगायचे की पत्रकाची पहिली ओळ प्रश्न असावी, कारण प्रश्न पडला की माणूस पाय थांबवतो. शेवटची ओळ काम असावं. पत्रक वाचून माणूस नुसता हळहळला तर कागद वाया गेला.

तर तसंच समजा. हे पत्रक मी तुमच्या मराठीत लिहिते आहे. मला ती येते. तुम्हाला माझी येत नाही. एवढा फरक लक्षात ठेवा आणि पुढे चला.

त्या बाईला आवाज दिला माझ्या मावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने. ती दिघोरीला असते. लग्नाआधीपासून ती झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची. दिवाळी झाली, धान घरात आलं, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली की तिचं घर बंद आणि ती रोज वेगळ्या गावच्या मंडपात. आज विधवा सून, उद्या राणी, परवा पोलिसाची बायको. मग काही वर्षांपूर्वी नाटकमंडळ्यांच्या मालकांना तरुण चेहरे हवे झाले. आधी तिला शेजारणीची भूमिका दिली, मग तीही नाही. आवाज तोच होता, भरलेला, लांब जाणारा. अ‍ॅपवर चेहरा कोणाला दिसत नाही, असं मी तिला म्हटलं. तिने विचारलं, नाटक कोणत्या गावाले आहे?

आम्ही तिच्या घरच्या धानाच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. तिन्ही भिंतींना पोती लावलेली असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. माइक मी एका मैत्रिणीकडून आणला होता. पंखा बंद, दाराला गोधडी, दुपारची वेळ, दोघी घामाने भिजलेल्या. पहिल्याच दिवशी घोळ झाला. तिच्या हातात मी कागद दिले आणि ती वाचायला लागली, तर शाळेत उभं करून धडा वाचायला लावलेल्या पोरीसारखा आवाज.

"कागद हातात आला का माहा आवाज मरते," ती म्हणाली. "तू खाली बस अन् सांगत जा."

झाडीपट्टीत नट पाठांतर करत नाहीत. रोज नवं नाटक, पाठ करायला वेळ कोणाला? मंचाच्या पुढे खाली प्रॉम्टर बसतो, वही पुढ्यात घेऊन सगळं नाटक हळू आवाजात सांगत जातो, आणि वर उभा असलेला माणूस ते उचलतो, त्यात जीव घालून लोकांकडे फेकतो. चांगला नट प्रॉम्टरचं वाक्य संपायची वाट बघत नाही, अर्ध्यातच उचलतो. मावशी चांगली नटी आहे. म्हणून मी जमिनीवर बसून कुजबुजायला लागले आणि ती पोत्यांसमोर उभी राहून बोलायला लागली, आणि अंगावर काटा आला. ती खरंच त्या चंद्रावर होती.

घरी येऊन ऐकलं तर माइकने माझी कुजबुजही पकडलेली. प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारीक श्वासासारखा आवाज, आणि त्यावर चढलेला मावशीचा. कापावं तर तिचा शब्द कापला जातो. मी तसंच पाठवलं.

मागे कोणीतरी कुजबुजतंय, एडिटिंगही येत नाही का, ही प्रतिक्रिया मग प्रत्येक भागाखाली होतीच.

आता दिघोरीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त शहरांवर चिडले आहे. रोवणी, म्हणजे धानाची रोपं लावणं, चालू होती. मावशीच्या बांधीत, धानाच्या शेतात, बायका चिखलात वाकलेल्या होत्या आणि बांधावरच्या झाडाला तिच्या सुनेने छोटा स्पीकर टांगला होता. पहिला भाग सुरू झाला. मावशीचा आवाज आला, "कोणाले ऐकू येऊन राहिलं का?" आणि सगळ्या बायका खदखदून हसल्या.

मी बांधावर उभी होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मावशी मात्र त्यांच्याबरोबर रोप लावत होती, तिने मान वर केली नाही.

त्या का हसल्या ते मला तिनेच नंतर समजावलं. आमच्या नाटकात नायिका पुस्तकी मराठीत बोलते. नायक, खलनायक, आई, न्यायाधीश, सगळे पुस्तकी. आमच्या बोलीत बोलतो तो फक्त घरगडी, नाहीतर दारुड्या, नाहीतर मंचावर धडपडत येणारा विनोदी माणूस. ती बोली कानावर पडली की हसायचं, असं आमच्याच मंडपांनी आमच्या लोकांना वर्षानुवर्षं शिकवलं. मावशीने मंचावर इतक्या बायकांची मरणं वठवली, एकही आपल्या बोलीत मेली नाही. ही पहिलीच.

पण एक फरक होता आणि तो मी बांधावरून बघितला. दुसऱ्या भागात हसू कमी झालं. तिसऱ्या भागात चंद्रावरची बाई रिकाम्या खोल्यांची दारं उघडून बघते, तेव्हा चिखलात हात थांबले. मग त्यांचं भांडण सुरू झालं. एकजण म्हणाली, तिनं खालचं दार बंद करायला पायजे होतं. दुसरी म्हणाली, दार बंद केलं असतं तर पाणी कुठून आणलं असतं. एका म्हातारीने मला बोलावून विचारलं की ती बाई एकटी आहे असं तुम्ही सांगता, मग तिच्याजवळ दुसरं कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, आजी.

"आहे ना वो," ती म्हणाली. "कोणीतरी आधी सांगते तिले, मंग ते बोलते. एकटं माणूस एवढं कसं टिकन?"

तिला माझी कुजबुज ऐकू आली होती.

आणि एकीने तर थेट टोमणा मारला. "एवढी हवा संपून राहिली अन् तुही बाई भाषण देऊन राहिली. मुकाट्यानं बस म्हणा तिले, हवा वाचन." सगळ्या हसल्या, मावशीसुद्धा, आणि मी चिडले, कारण ते भाषण मला फार आवडलं होतं. यानात बसून पळून गेलेल्या मालकांवर होतं ते. रात्री ते भाषण मी अर्धं कापलं आणि तो भाग पुन्हा चढवला. आजही वाटतं थोडं जास्त कापलं.

म्हणजे हसणं दोन्हीकडे होतं. एक हसणं ऐकता ऐकता थांबलं. दुसरं थांबलंच नाही, कारण त्यांनी पुढे ऐकलंच नव्हतं. पहिल्या वाक्यावर हसून, चेहरे चिकटवून ते निघून गेले होते.

शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मावशीने दिघोरीच्या मंडईच्या मंडळाला सांगून ठेवलं होतं की यंदा नाटक सुरू व्हायच्या आधी तो भाग भोंग्यावर लावायचा. गावाने तिला कधीपासून माइकवर ऐकलं नव्हतं. रस्त्यात लोक विचारायचे, वाचते का गा ते बाई? ती सांगायची नाही. मरते की वाचते हे मंडईत ऐका म्हणायची. तिचं चालणं बदललं होतं.

तेव्हाच अ‍ॅपच्या कंपनीतून फोन आला. फोनवरची बाई फार गोड बोलत होती. कथा त्यांना आवडली होती. फक्त श्रोत्यांच्या प्रतिक्रिया बघता शेवटच्या भागासाठी आणि आधीच्या सगळ्या भागांसाठी न्यूट्रल आवाज घ्यायचा असं ठरलं होतं. पुण्यातली एक कलाकार आहे, दोन दिवसांत करून देईल. तुमच्या मावशींचे आभार आपण मानू या.

न्यूट्रल म्हणजे कोणाच्या घरची भाषा, असं मी विचारलं. ती हसली. मी फोन ठेवला आणि मग पुन्हा लावून बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

प्रतिक्रिया मी मावशीपासून लपवून ठेवल्या होत्या. तिच्या सुनेने त्या तिला वाचून दाखवल्या, सगळ्या, चेहऱ्यांसकट. मी दिघोरीला पोचले तेव्हा ती अंगणात धान वाळवत होती आणि मी रडेन की काय अशी उलट तिलाच माझी काळजी वाटत होती.

"हसले ना? मंग ऐकलं त्यायनं," ती म्हणाली. "मंडपात लोकं हसले का आमी गप उभे राहतो. हसू सरलं का पुढचं वाक्य बोलतो. पळून नाई जात."

मला बरं वाटलं. पण लगेच ती म्हणाली की शेवटचा भाग ती पुस्तकी मराठीत बोलेल. तिला येते, आयुष्यभर तेच केलं. कंपनीला सांग, आवाज बदलू नका, भाषा बदलून देतो. मी कंपनीला विचारलं. कुजबुज नसेल आणि भाषा शुद्ध असेल तर विचार करू, असं उत्तर आलं.

त्या दिवशी मी मावशीशी भांडले. हे शरण जाणं आहे म्हटलं. आपल्या माणसांनी असं केलं म्हणूनच आपली बोली घरगड्याच्या तोंडात राहिली, असं म्हटलं. पत्रकातली सगळी वाक्यं एकामागून एक तिच्यावर टाकली. ती धान पायाने पसरवत राहिली. मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"लढाई तुही आहे, मान्य आहे मले. पण आवाज माहा आहे. मंडईत मले बोलाचं आहे. तू मले बोलू देशील का तुह्या लढाईतच ठेवशील?"

पत्रकात याचं उत्तर नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धानाच्या खोलीत शिरलो. मी वाक्यं पुस्तकी मराठीत करून आणली होती, दात-ओठ खात. खाली बसून मी सांगायला लागले आणि ती बोलायला लागली. "कुणाला ऐकू येत आहे का? मी अजून आहे." एक अक्षर चुकलं नाही. आवाज भरलेला, थरथर हवी तिथे थरथर, थांबा हवा तिथे थांबा. पुण्यातल्या कोणालाही तिने धडा दिला असता. संपल्यावर तिने फोन मागितला, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे मरून नाई राहिली," ती म्हणाली. "नाटक करून राहिली. मंडपात चालते हे. तिथं लोकं समोर असतात. इथं तिच्यासमोर कोणीच नाई ना वो. कोणाले दाखवाले बोलन ते असं?"

मला खूप काही बोलायचं होतं, पण मी पहिल्यांदाच गप्प राहिले.

"जुनंच सांग," ती म्हणाली.

मी जुनंच सांगितलं. तिने तेच उचललं, हळू, जवळजवळ माझ्याइतक्याच आवाजात. शेवटी शेवटी माझी कुजबुज आणि तिचं बोलणं यांत फरक उरला नाही. तेच पाठवलं.

कंपनीने नाकारलं. आमचा आवाज घ्या, नाहीतर कथा काढून टाकू, असं कळवलं. मावशीला मी विचारलं, या वेळी खरंच विचारलं, ठरवून आले नव्हते. तिने सांगितलं, काढून टाका म्हणा. दोन दिवसांनी सगळे भाग अ‍ॅपवरून गेले. खालच्या प्रतिक्रियाही गेल्या. हसणारे चेहरे आता कुठेच नाहीत, जणू कोणी हसलंच नव्हतं. मला त्याचाही राग आहे.

मंडईच्या दिवशी संध्याकाळी दिघोरीत मंडपासमोर बायका-पोरं बोऱ्या, म्हणजे गोणपाट, टाकून जागा धरत होती. चिवड्याचे ठेले लागले होते, पाळणा फिरत होता, कोणी कोणाला हाका मारत होतं. त्या गोंधळात भोंग्यावर शेवटचा भाग सुरू झाला. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते आणि हसण्याची वाट बघत होते. मावशी बायकांमध्ये बोरीवर बसली होती, पदर तोंडावर धरून.

पहिल्या वाक्याला मागची काही पोरं हसली. मग नाही. पाळणावाल्याने पाळणा थांबवला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भोंग्यातून आधी माझी कुजबुज यायची, मग ती. कुजबुजीबद्दल एकानेही काही विचारलं नाही. प्रॉम्टर असतोच.

हवा संपत आली. या भागात भाषण नव्हतं. नुसते श्वास, आणि बर्फ तडकल्याचा आवाज, तो आम्ही वाळलेल्या तुऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, मोडून केला होता. मग ती म्हणाली, "कोणाले ऐकू येऊन राहिलं का?"

पुढचं वाक्य यायला मी मोठी जागा सोडली होती. त्या जागेत बोऱ्यांमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, तीच असेल रोवणीवरची, मला दिसली नाही. "येऊन राहिलं वो माय. बोल."

आणि मग दुसरीकडून, आणि पुरुषांच्या बाजूने, "बोल, बोल. ऐकून राहिलो." भोंग्याला उत्तर देत होती माणसं. तिला ऐकू येणार नव्हतं, कथेतही आणि कथेबाहेरही. तरी देत होती. मावशीने पदर काढला.

भोंगा म्हणाला, "मी अजून आहो." आणि बंद झाला.

मी अजून चिडलेलीच आहे. हे वाचून तुमचं मन भरून आलं असेल तर मला त्याचा काही उपयोग नाही. काम सांगते. तुमच्या घरात एक बोली आहे, जी तुम्ही फक्त विनोदाला, नकलेला आणि भाजीवालीशी घासाघीस करायला ठेवली आहे. ती ज्याच्या तोंडी आहे त्या माणसासमोर आज बसा. फोन पुढे ठेवा. त्याला एक गंभीर गोष्ट त्या बोलीत सांगायला लावा, मरणाची, यंत्राची, कोर्टाची, आभाळाची, कोणतीही, आणि ती चारचौघांत मोठ्याने लावा. कोणीतरी हसेल. बंद करू नका, माफी मागू नका, अर्थ समजावून सांगू नका. गप्प उभे राहा. हसू सरलं की पुढचं वाक्य ऐकवा.